वस्तीतली दिव्यांग मुलं शोधताना : पहिल्यांदाच सर्वेक्षणाला निघालेल्यांसाठी

वस्तीत दारोदार "घरात कोणी अपंग मूल आहे का?" एवढंच विचारत फिरलं, तर दिवसाला शंभर घरं सहज होतात आणि नावं हाती लागतात तीन-चार. कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) घालून चालणारा मुलगा, दोन्ही डोळ्यांनी न दिसणारी मुलगी, अख्ख्या गल्लीला ठाऊक असलेला एखादा न बोलणारा पोरगा. या मुलांना शोधावं लागतच नव्हतं. राहून जातात ती वेगळीच. दहा महिन्यांचं झालं तरी मान न धरणारं बाळ. कमी ऐकू येणारी आणि ‘लक्ष नसतं’ म्हणून शाळेत मार खाणारी मुलगी. दोन वर्षांपूर्वी पळत होता आणि आता जिना चढताना धडपडतो असा सात वर्षांचा मुलगा. सर्वेक्षण करायचं ते यांच्यासाठी.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. युनिसेफने २०२१ मध्ये जगातल्या दिव्यांग मुलांचा अंदाज मांडला तो सुमारे २४ कोटींचा, म्हणजे दहा मुलांमागे एक. दोन्ही आकडे एका मापाचे नाहीत. दुसऱ्यात मनाच्या आणि वागण्याच्या अडचणीही धरल्या आहेत. तरी एवढी तफावत पडते त्याचं एक मोठं कारण प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे. हजार घरांच्या वस्तीत अठरा वर्षांखालची हजारावर मुलं सहज असतात. तिथून दहाच नावं आली, तर वस्ती निरोगी आहे असं समजू नका. प्रश्न तपासा.

१. आधी पुढची सोय, मग फॉर्म

नवीन कार्यकर्ते सुरुवात फॉर्मपासून करतात. मी सांगेन, फॉर्म बाजूला ठेवा आणि मूल सापडल्यावर त्याला कुठे न्यायचं ते आधी बघून या. वस्तीतल्या बायकांनी आजवर खूप जणांना खूप माहिती दिलेली असते. संडासाचा सर्व्हे, कॉलेजच्या मुलांचा प्रकल्प, निवडणुकीआधीची यादी. माहिती नेली आणि परत कोणी आलं नाही, हा त्यांचा अनुभव. ज्या घरात दिव्यांग मूल आहे त्या घराला हा अनुभव जास्त लागतो, कारण तिथे दर वेळी थोडी आशा वाटलेली असते.

म्हणून आठ-दहा दिवस फक्त पायपीट करा. भागातल्या अंगणवाड्या आणि त्यांच्या मुख्य सेविका, आशाताई, परिचारिका यांना भेटा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं (सगळे त्याला आरबीएसके म्हणतात) तुमच्या भागातलं पथक कोणतं, ते विचारा. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. जन्मतः दोष, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर या चार गोष्टींसाठी अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासायची, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा, अशी त्याची आखणी आहे. पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्याच्या पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. तिथे स्वतः जाऊन या. कोणते थेरपिस्ट आहेत, कोणत्या वारी बसतात, केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो, हे सगळं लिहून घ्या. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र कोणत्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात मिळतं आणि ते देणारं डॉक्टरांचं बोर्ड कोणत्या दिवशी बसतं, तेही. गावाकडे असाल तर गट साधन केंद्रात समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक भेटतील; तालुक्यात कोणाला काय मिळतं याची त्यांना इतरांपेक्षा जास्त खबर असते. मुंबईत काम करणार असाल तर हाजी अलीची पुनर्वसन संस्था आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था, दोन्हीकडचे रस्ते पायाखालचे हवेत.

किती घरं घ्यायची, हेही यावरून ठरवा. तुमच्याबरोबर असलेली फिजिओथेरपिस्ट महिन्याला वीस मुलं बघू शकत असेल, तर पहिल्या टप्प्यात तीनशे घरं पुरेत. दोन हजार घरांची सुंदर यादी करून ती कपाटात पडणार असेल, तर ती न केलेलीच बरी.

२. वस्तीची ओळख आणि परवानगी

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. मोबाइलवर पसरलेल्या अफवांचे ते दिवस होते. तशा अफवा अजूनही अधूनमधून उठतात, आणि आपण तर दारोदार मुलांबद्दलच विचारत फिरणार. म्हणून पोलीस ठाण्यात लेखी पत्र देऊन त्याची पोच घ्या. प्रत्येकाच्या गळ्यात फोटोचं ओळखपत्र हवं. वस्तीतलं मंडळ, बचत गट, मशीद किंवा बुद्धविहाराची कमिटी, रेशन दुकानदार यांना आधी भेटा. पहिल्या दिवशी अंगणवाडीत किंवा समाजमंदिरात छोटी बैठक घ्या आणि काय करणार आहोत ते सर्वांसमोर सांगा. गावात हेच ग्रामसभेत करा.

शहरात आणखी एक गैरसमज हमखास होतो. वही घेऊन कोणी आलं की झोपडपट्टी पुनर्वसनाचा सर्व्हे आला, असं लोकांना वाटतं. मग पोटमाळ्यावरचा भाडेकरू लपवला जातो, किंवा गावी राहणारा मुलगा इथला म्हणून सांगितला जातो. पहिल्याच वाक्यात सांगा : घराशी, फोटोपासशी, लाइटबिलाशी याचा संबंध नाही. आणि खरोखरच ती कागदपत्रं बघायला मागू नका.

नकाशा हाताने काढा. गल्ल्या, सार्वजनिक नळ, संडास, अंगणवाडी, शाळा, भंगाराची गोदामं, नाल्याकडेची पत्र्याची घरं. घरांना खडूने क्रमांक घाला. कडेची आणि मागची घरं जास्त जपून मोजा. सगळ्यात नवीन आणि सगळ्यात गरीब कुटुंबं तिथेच असतात.

वेळ वस्तीची बघा, आपली नाही. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बाया सकाळी सातला बाहेर पडतात त्या दुपारी दोनपर्यंत परतत नाहीत. पाणी यायच्या वेळी तर कोणाच्याच दारात उभं राहू नये. नाक्यावर काम मिळवायला जाणारे रविवारी भेटतात. मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुरांच्या गावांत दिवाळीनंतर अर्धी घरं कुलूपबंद असतात. तिथे डिसेंबरात सर्व्हे केला तर ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे तीच मुलं सुटतील. वीटभट्टीचंही तसंच. कुलूप दिसलं की ‘बंद’ लिहून पुढे जाऊ नका. शेजारी विचारा, तारीख लिहा, तीन वेगवेगळ्या वेळी परत जा.

३. जोडीने जा

दोघांची जोडी पुरे. त्यात एक बाई त्याच वस्तीतली हवी, आणि तिला मानधन द्या. भाषेची गरज ओळखून जोड्या लावा. एकाच वस्तीत मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड आणि पारध्यांची बोली शेजारी शेजारी नांदते. तयारीचे दोन दिवस ठेवा. त्यातला एक दिवस व्याख्यानात घालवू नका. अंगणवाडीत बसून सर्वसाधारण मुलं कोणत्या वयात काय करतात ते बघा. दीड वर्षाचं मूल कसं चालतं हे डोळ्यांत बसलेलं असेल, तरच न चालणारं दीड वर्षाचं मूल खटकतं.

४. प्रश्न कसे विचारायचे

आजाराचं किंवा व्यंगाचं नाव प्रश्नात येऊ द्यायचं नाही. मूल काय करू शकतं आणि काय करताना अडतं, हे विचारायचं. जगभर वापरले जाणारे वॉशिंग्टन गट (दिव्यांगत्व कसं मोजावं हे ठरवणारा आंतरराष्ट्रीय गट) आणि युनिसेफ यांचे मुलांसाठीचे प्रश्न याच तत्त्वावर आहेत. त्यात उत्तर ‘हो-नाही’ असं घेत नाहीत. ‘अडचण नाही, थोडी अडचण, खूप अडचण, जमतच नाही’ अशा चार पायऱ्या असतात. शक्य असेल तर तीच प्रश्नावली वापरा. छोट्या सर्व्हेसाठी तिच्या धर्तीवर हे प्रश्न चालतात, आणि बोलताना ते असेच बोलावेत :

- त्याच्याच वयाच्या गल्लीतल्या मुलांपेक्षा हा बसायला, उभं राहायला, चालायला उशिरा शिकला का? आता चालताना, पळताना अडतो का?
- लांबून ओळखतो का? वस्तू डोळ्यांजवळ नेऊन बघतो का? संध्याकाळनंतर चाचपडतो का?
- पाठीमागून हाक मारली तर वळतो का, की समोर जावं लागतं? कान वाहतो का?
- काय हवं ते सांगतो का? घरच्यांना कळतं तेवढंच बोलणं बाहेरच्यांनाही कळतं का?
- सांगितलेलं काम समजतं का? रोजची गोष्ट लक्षात राहते का?
- स्वतःच्या हाताने जेवतो का, कपडे घालतो का, शौचाला जाताना सांगतो का?
- इतर मुलांत खेळतो का, की एकटाच एक गोष्ट पुन्हा पुन्हा करत बसतो? नजरेला नजर देतो का?
- कधी फिट, झटका आला आहे का? एकटक बघत राहतो असं होतं का?
- आधी जे येत होतं ते आता येईनासं झालंय, असं काही आहे का?
- रक्त कमी म्हणून वारंवार दवाखान्यात न्यावं लागतं का? सांधे सुजणं, हाडं दुखणं, जखम लवकर न थांबणं?

शेवटचा प्रश्न पुष्कळ फॉर्मांत नसतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून २१ केले, आणि त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आहेत. विदर्भात, नंदुरबारकडे, आदिवासी पाड्यांवर काम करताना हा प्रश्न गाळला तर मोठी चूक होईल.

‘त्याच्याच वयाच्या मुलांपेक्षा’ हे शब्द प्रत्येक वेळी म्हणा. आईला डॉक्टरी माप ठाऊक नसतं, पण शेजारणीचं बाळ आपल्या बाळाच्या नंतर जन्मलं आणि आधी चाललं, हे तिला पक्कं ठाऊक असतं. दोन वर्षांखालच्या बाळांसाठी वयाचे टप्पे छापलेलं छोटं कार्ड जवळ ठेवा : चार महिन्यांपर्यंत मान, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसणं, दीड वर्षापर्यंत चालणं आणि काही सुटे शब्द, दोन वर्षांपर्यंत ‘आई पाणी’ असे दोन शब्द जोडणं. टप्पा चुकला म्हणजे दिव्यांगत्व आलं असा अर्थ नाही. ते बाळ तज्ज्ञाला दाखवायचं, एवढाच अर्थ.

५. दारात उभं राहिल्यावर

पहिला प्रश्न मुलांच्या संख्येचा, आणि इथेच बरीच मुलं हरवतात. "मुलं किती?" विचारलं की आई दोन सांगते. तिसरं आजीकडे गावी ठेवलेलं असतं, किंवा आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात झोपवलेलं. म्हणून असं विचारा : "ताई, तुम्हाला एकूण बाळं किती झाली? आज कोण कुठे आहे?" मग एकेकाचं नाव, वय, शाळा. शाळेत न जाणारी मुलं आणि शाळा सोडून घरी बसलेली मोठी बहीण, दोन्हीकडे लक्ष द्या. बहिणीची शाळा सुटण्यामागे पुष्कळदा घरातलं दुसरं, सांभाळावं लागणारं मूल असतं.

तुमच्या वहीत मुलगेच जास्त दिसायला लागले, तर थांबून विचार करा. वयात आलेली, कमी समजणारी मुलगी घराबाहेर दिसू नये याची घरचे काळजी घेतात, पुढे लहान बहिणीचं लग्न अडेल म्हणून. अशा घरी तुमच्या जोडीतल्या बाईने एकटीने, फॉर्म पिशवीत ठेवून, पुन्हा जावं.

सासूबाई किंवा आजी उत्तरं देत असतील तर ऐकून घ्या, पण आईशी वेगळं बोलण्याची संधी शोधा. "मुलगे उशिराच बोलतात", "याचा मामाही उशिरा बोलला", "ग्रहणात भाजी चिरली म्हणून ओठ फाटला", "बाहेरचं झालंय", हे सगळं ऐकायला मिळेल. वाद घालू नका, मानही डोलवू नका. आईला मात्र एक वाक्य ठामपणे सांगा : "ताई, हे तुमच्यामुळे झालेलं नाही." ही बाई वर्षानुवर्षं उलटंच ऐकत आलेली असते. उपवास, गंडेदोरे, बाबांच्या फेऱ्या यांत तिचे पैसे गेलेले असतात. तिला दोष न देता पुढची वाट दाखवली, तर ती चालायला तयार असते.

संमती म्हणजे सही नव्हे. दोन वाक्यांत सांगा : "हे आम्ही मुलाच्या तपासणीची आणि मदतीची सोय करण्यासाठी लिहितोय. तुमची इच्छा नसेल तर लिहू नका म्हणा, त्याने कोणतीही योजना बंद होणार नाही." मुलाचा फोटो काढू नका. नावं ग्रुपवर टाकू नका, बैठकीत यादी वाचून दाखवू नका. दिव्यांग मुलाचा पत्ता चुकीच्या हातात पडला तर काय होऊ शकतं, हे डोक्यात पक्कं असू द्या.

आणि मूल ऐकत असतं. बोलत नसलं तरी. त्याच्यासमोर "याला काही कळतं का?" असं विचारणाऱ्याला मी सर्व्हेत घेणार नाही. आधी मुलाशी बोला, त्याचं नाव घ्या, मग आईशी.

६. कागदापलीकडे काय बघायचं

उत्तरं लिहिताना डोळे मुलावर हवेत. मूल जमिनीवरून कसं उठतं ते बघा. पाच-सहा वर्षांचा मुलगा आधी हात जमिनीवर, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकत स्वतःवरच चढल्यासारखा उभा राहत असेल, आणि त्याच्या पोटऱ्या वयाच्या मानाने भरलेल्या दिसत असतील, तर स्नायूंच्या आजाराची शंका घ्यावी. घरचे म्हणतात, "अशक्तपणा आहे, टॉनिक द्या." टॉनिकने हा आजार बरा होत नाही, आणि तपासणीला लागणारा वेळ मात्र वाया जातो.

बाळाच्या मुठी पाच-सहा महिन्यांनंतरही घट्ट मिटलेल्या आहेत का, उचललं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात का, एकाच हाताने खेळतं का, ते बघा. पाऊल आत वळलेलं तान्हं बाळ दिसलं तर त्याच आठवड्यात पाठवा. प्लास्टर घालून वळलेलं पाऊल सरळ करण्याचा उपचार जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत सुरू झाला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. "मोठा झाला की ऑपरेशन करू" हे ऐकून परत येऊ नका.

ऐकू येतं का हे टाळी वाजवून ठरवू नका. टाळीचा वारा लागतो, सावली हलते, आणि बहिरं मूलही वळतं. तुमच्या जोडीदाराने मुलाला समोर खेळवावं आणि तुम्ही मागून, त्याला न दिसता, हळू आवाजात हाक मारावी. हेही केवळ शंका घेण्यापुरतंच. खरी तपासणी यंत्रावरच होते. इथे वयाला फार किंमत आहे : जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांना केंद्राच्या एडिप योजनेतून (ती दिव्यांगांना साधनं देते) कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, मिळू शकतं, पण ते पाच वर्षांच्या आत. सहाव्या वर्षी सापडलेल्या मुलासाठी ते दार बंद झालेलं असतं.

जेवणाच्या वेळी गेलात तर आवर्जून थांबा. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या मुलाला आई पुष्कळदा मांडीवर सपाट आडवं घेते, डोकं मागे कलतं, आणि ती चमच्याने पेज तोंडात सोडते. मूल ठसकतं, घास छातीकडे जातो, दर दोन महिन्यांनी न्यूमोनिया होतो. जेवण दीड तास चालतं आणि मूल वाळतच जातं. इथे तज्ज्ञाची वाट न बघता एक गोष्ट सांगता येते : मुलाला उठवून बसतं धरा, पाठीला तुमच्या पोटाचा किंवा भिंतीचा आधार द्या, हनुवटी किंचित खाली असू द्या, पातळ पेजेपेक्षा दाटसर घास, थोडा थोडा. आपण फक्त लिहून घ्यायला आलो नाही, हे त्या आईला इथे समजतं.

फिटचंही तसंच. कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा नाही. कुशीवर वळवा, आजूबाजूचं सामान हलवा, वेळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट रुग्णालय. आणि चालू असलेली गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

७. कोणाला आधी न्यायचं

रोज संध्याकाळी, दमलेले असाल तरी, त्या दिवसाचे फॉर्म एकत्र बसून वाचा आणि तीन गठ्ठे करा. पहिला गठ्ठा थांबू शकत नाही : मोबाइलच्या फ्लॅशमध्ये डोळ्याची बाहुली पांढरी दिसणारं मूल (यात डोळ्याचा कॅन्सर असू शकतो), उपचाराविना वारंवार येणाऱ्या फिट, आधी येत असलेलं विसरत चाललेलं मूल, डोकं झपाट्याने मोठं होणारं बाळ, गिळता न येणारं आणि हाडं दिसणारं मूल, कानामागे सूज आणि ताप. यांना एक-दोन दिवसांत, तुमच्यातल्या कोणीतरी बरोबर जाऊन, रुग्णालयात पोहोचवायचं. दुसऱ्या गठ्ठ्यात दोन वर्षांखालची सगळी शंकास्पद बाळं आणि ‘खूप अडचण’ किंवा ‘जमतच नाही’ असं एकही उत्तर असलेली मुलं. यांची तपासणी महिन्याच्या आत. बाकी ‘थोडी अडचण’वाली तिसऱ्या गठ्ठ्यात, तीन महिन्यांनी पुन्हा भेट. वाचता-लिहिता न येणाऱ्या मुलांवर ‘अध्ययन अक्षमता’ असा शिक्का घाईने मारू नका. चष्मा, कान, शाळेतली गैरहजेरी आणि शिकवण्याची भाषा आधी बघा. या अक्षमतेचं प्रमाणपत्र तसंही आठ वर्षांच्या आत देत नाहीत.

बांधून ठेवलेलं मूल दिसलं, किंवा मारहाणीच्या खुणा दिसल्या, तर दारात आरडाओरडा करू नका. बहुतेक वेळा आई-बाप कामाला जाताना मूल रेल्वे रुळांकडे जाऊ नये म्हणून बांधतात, आणि तिथे दिवसा सांभाळण्याची सोय हेच उत्तर असतं. लैंगिक अत्याचाराची शंका मात्र वेगळी. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्यानुसार ती कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक आणि पोलीस ठाण्यातल्या बालकल्याण अधिकाऱ्याचं नाव पहिल्या दिवसापासून वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

८. तपासणी आणि कागद

सर्वेक्षणातून फक्त शंका मिळते. निदान डॉक्टर आणि थेरपिस्ट करतात, दिव्यांगत्वाची टक्केवारी बोर्ड ठरवतं. दारात "तुमच्या मुलाला ऑटिझम आहे" किंवा "ऐंशी टक्के बसेल" असं बोलायचं नाही, कितीही खात्री वाटली तरी. शक्य असेल तर तपासणीचं शिबिर अंगणवाडीतच घ्या. बारा वर्षांच्या न चालणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन दोन बसगाड्या बदलणं म्हणजे आईची दिवसाची मजुरी, रिक्षाचं भाडं आणि कंबर, तिन्ही जातात.

कागदांचा क्रम साधारण असा : जन्मदाखला, आधार, मग यूडीआयडी अर्थात स्वावलंबन कार्डाचा (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) अर्ज, मग बोर्डापुढे तपासणी. आधारवरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव जुळतं का, ते अर्जाआधी बघा. सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात. कार्ड पांढरं म्हणजे ४० टक्क्यांहून कमी, पिवळं ४० ते ८० च्या आत, निळं ८० आणि वर. ४० टक्के आणि वर असलेल्यांना बहुतेक योजना लागू होतात : तहसील कार्यालयातून संजय गांधी निराधार अनुदान, ग्रामपंचायत किंवा पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखलेला पाच टक्के निधी, एडिपमधून कुबड्या, व्हीलचेअर, श्रवणयंत्र. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना निरामय आरोग्य विमा, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत. त्यात थेरपीचा खर्चही बसतो. समग्र शिक्षा अभियानात दिव्यांग मुलींना महिना २०० रुपये, दहा महिने, असा भत्ता आहे.

शाळेचं वेगळं सांगतो. ६ ते १८ वयाच्या दिव्यांग मुलाला, म्हणजे ४० टक्के आणि वरच्या, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिलेला आहे. सरकारी आणि अनुदानित शाळेला दिव्यांगत्वाचं कारण देऊन प्रवेश नाकारता येत नाही. प्रमाणपत्र हातात नाही म्हणून मुलाला घरी बसवू नका. प्रवेश आधी, कागद मागून. दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचं असं सर्वेक्षण करणं याच कायद्याने शिक्षण यंत्रणेवर टाकलेलं आहे. तेव्हा पालकांच्या संमतीने तुमची यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, आणि पोच घ्या.

९. वही

प्रत्येक सापडलेल्या मुलासाठी एक पान. वर घराचा क्रमांक आणि आईचा मोबाइल नंबर. नंबर रिचार्जअभावी बंद पडतो म्हणून शेजारणीचाही. खाली तारखेनुसार : कोण भेटलं, काय ठरलं, पुढची भेट केव्हा. पंधरा दिवसांत पहिली परतभेट झालीच पाहिजे, मग देण्यासारखं काही हातात असो वा नसो. "बोर्डाची तारीख मिळाली नाही, पुढच्या मंगळवारी पुन्हा विचारतो" हेही सांगायला जा. तीन भेटी ठरल्याप्रमाणे झाल्या की चौथ्या वेळी शेजारीण तुम्हाला हाक मारून थांबवते आणि आपल्या दिराच्या मुलीबद्दल सांगते, जी तुमच्या फॉर्ममध्ये कुठेच नसते.

पाच-सहा आया ओळखीच्या झाल्या की त्यांना महिन्यातून एकदा एकत्र बसवा. कोणत्या खिडकीवर कोण नीट बोलतं, कॅलिपर कुठे दुरुस्त होतो, मूल चावतं तेव्हा काय करावं, हे त्या एकमेकींना आपल्यापेक्षा चांगलं सांगतात. त्यांच्यातूनच पुढच्या गल्लीच्या जोड्या तयार होतात.

दर सहा महिन्यांनी आशाताईंकडून वस्तीत नव्याने जन्मलेल्या बाळांची नावं घ्या. वेळेआधी जन्मलेली, जन्मतः न रडलेली, काविळीसाठी काचेच्या पेटीत ठेवलेली, दोन किलोच्या आतली, यांच्यासमोर खूण करा आणि त्यांच्या घरी चौथ्या, नवव्या आणि अठराव्या महिन्यात जाऊन या. सोडून गेलेली कुटुंबं वहीतून खोडू नका. ती कुठे गेली ते लिहा, आणि तिथल्या अंगणवाडीला फोन करा.